अकरा नंबरचं रक्त

आमच्या कोरगावची योगिता रोज सकाळी साडेसातला स्कूटर काढून डिचोलीला जाते, हे वाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. ती तिथे नेमकं काय करते, ते मात्र कोणाला धड सांगता यायचं नाही. तिची सासू विचारणाऱ्याला सांगायची, "औषधांच्या कंपनीत आसा." नवरा देवेश मोपाच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला होता. तो म्हणायचा, "रक्ताचं काहीतरी असतं बाबा, जेवताना विचारू नका."

काम तसं समजायला अवघड नव्हतं. औद्योगिक वसाहतीत एक छोटी खासगी प्रयोगशाळा होती. औषधं आणि खाण्यापिण्यातले घटक माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीवर काय परिणाम करतात, ते तिथे तपासत. कोरोनानंतर या कामाला ऊत आला होता. गुळवेलीचा अर्क, हळदीचं सत्त्व, लहान मुलांच्या दुधात मिसळायची पावडर, सांधेदुखीची गोळी, काय वाटेल ते यायचं. प्रत्येकाला आपल्या डब्यावर 'प्रतिकारशक्ती वाढवते' असं छापायचं असायचं. ते खरं की खोटं, आणि वाढवताना शरीराला अपाय तर करत नाही ना, हे बघायला निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी लागत. त्या पेशी रक्तातून वेगळ्या काढायच्या, प्लास्टिकच्या ताटलीतल्या शहाण्णव खळग्यांत वाटायच्या, त्यांवर ती पावडर घालायची आणि दोन दिवसांनी पेशी चेकाळल्या, शांत राहिल्या की मेल्या, ते मोजायचं. योगिता नऊ वर्षं हेच करत होती. तिच्या हाताला इतकी सवय झाली होती की बोलता बोलताही तिचा थेंब चुकीच्या खळग्यात पडत नसे.

रक्त ताजं लागायचं. रक्तपेढीतलं चालत नसे. म्हणून वसाहतीतल्याच चौदा माणसांची नावं नोंदवून ठेवली होती. महिन्यातून एकदा त्यांनी यायचं, योगिताने छोट्या नळ्यांत रक्त काढायचं, मग त्यांना चहा, उंडे म्हणजे गोल पाव आणि भाजी द्यायची. नाव नोंदवताना कावीळ आणि एचआयव्ही तेवढी तपासत. त्यानंतर नाव संपलं. नळीवर फक्त नंबर.

अकरा नंबर म्हणजे कृष्णनाथ, प्रयोगशाळेच्याच गेटवरचा रखवालदार. पन्नाशी ओलांडलेला, पिळगावचा. अठरा वर्षं त्याने खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या, ट्रक गंजला, भंगारात गेला आणि तो गेटवर येऊन बसला. बसणं त्याला जमत नसे. दिवसभर गेटपासून कुंपणापर्यंत फेऱ्या मारायचा, आल्या-गेल्या गाडीचा चालक ओळखीचा निघाला की त्याच्याशी इंजिनाबद्दल बोलायचा. रक्त द्यायचा दिवस मात्र तो चुकवत नसे. शर्टाची बाही वर करून खुर्चीत बसायचा आणि विचारायचा, "काय गो बाय, माझा रगात बरा आसा मा?"

"फामाद आहे काका," योगिता म्हणायची.

ते खरंही होतं. कृष्णनाथच्या पेशी विलक्षण तल्लख. जरासं डिवचलं की भराभर प्रतिसाद द्यायच्या, आणि दर महिन्याला तेवढाच. नवीन पावडर आली की योगिता पहिली चाचणी अकरा नंबरवर लावायची. एकदा तिने त्याला हे सांगितलं होतं. तो इतका सुखावला की पुढे आठवडाभर गेटवर थांबणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, माझ्या रक्तावर औषधं पास होतात.

दोन हजार तेवीसच्या ऑगस्टमध्ये योगिताने त्याचं रक्त नेहमीप्रमाणे यंत्रात फिरवलं. नळी बाहेर काढली की रक्ताचे थर दिसतात. खाली लाल, वर पिवळसर पाणी आणि मध्ये पांढऱ्या पेशींचं एक पातळ वलय. दुधावर नुकती धरू लागलेली साय असावी तेवढंच. त्या दिवशी ते वलय जाड होतं. तिने पेशी मोजल्या. नेहमीच्या तिप्पट भरल्या. आपलंच काही चुकलं असेल म्हणून दुसऱ्या नळीतल्या मोजल्या. तेवढ्याच. ताटली लावली, दोन दिवसांनी उघडली, तर इतक्या सगळ्या पेशी असून प्रतिसाद जवळजवळ नाहीच. डिवचणारं औषध घालूनही त्या नुसत्या पडून होत्या.

तिने वहीत लिहिलं, 'पुन्हा पाहणे.'

सप्टेंबरात पुन्हा पाहिलं. वलय आणखी जाड झालं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या पेशी एकाच साच्यातून काढल्यासारख्या सारख्या दिसत होत्या. कॉलेजात शिकलेला एक धडा तिला आठवला. ती डॉक्टर नव्हती. पण असं रक्त कशात दिसतं ते तिला माहीत होतं.

ती विभागप्रमुखांकडे गेली. परेश सर माणूस वाईट नव्हते. कोणाला ताप आला तर स्वतः गाडीतून घरी सोडणारे.

"सर, अकरा नंबरचे आकडे बघा."

त्यांनी पाहिले. "हा दाता बाकीच्यांशी जुळत नाही. याला या अभ्यासातून वगळ. अहवालात तेरा दाते दाखवू."

"वगळते. पण सर, त्यांना सांगायला हवं. मला ब्लड कॅन्सरची शंका येते."

परेश सरांनी उठून दार लावलं. "हे बघ, आपली लॅब निदानाची नाही. आपल्याला तो परवाना नाही. फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय, निकाल दात्याला कळवले जाणार नाहीत. खाली त्याची सही आहे. तू सांगितलंस आणि काहीच निघालं नाही तर? त्या माणसाची झोप उडवलीस म्हणून तोच तक्रार करेल. आणि अकरा नंबर कोण हे तुला माहीत आहे, हेच मुळात नियमात बसत नाही."

"रक्त मीच काढते ना सर. मला कसं माहीत नसेल?"

"ते मला कळतं. ऑडिटवाल्यांना कळणार नाही. मी नीती समितीला लिहितो. ते ठरवतील. तोवर तू काही बोलू नकोस. कबूल?"

योगिताने मान हलवली. पुढे कितीतरी वेळा तिने मला सांगितलं, "त्या वेळी नुसती मान हलवली मी. तोंडाने हो म्हटलंसुद्धा नाही." जणू त्याने काही फरक पडत होता.

नीती समिती तीन महिन्यांतून एकदा भरायची. परेश सरांचं पत्र पोचेपर्यंत ऑक्टोबरची बैठक होऊन गेली होती.

तिने अगदीच काही केलं नाही असं नाही. एक दिवस सकाळी गेटवर स्कूटर थांबवून ती म्हणाली, "काका, एकदा सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या."

कृष्णनाथ हसला. "दर म्हयन्याक तू तपासतस मा?"

"आम्ही तसं नाही तपासत."

"मगे कसा तपासतास?"

इथे तिला सांगता आलं असतं. मागे परेश सरांची गाडी येऊन थांबली होती, त्यांनी हलकेच हॉर्न वाजवला. "वर्षातून एकदा सगळ्यांनीच करायचं असतं," एवढं म्हणून योगिता आत गेली.

नोव्हेंबरात दात्यांच्या यादीतून अकरा नंबर काढला. ठरलेल्या दिवशी कृष्णनाथ बाही वर करून आला आणि योगिताला त्याला परत पाठवावं लागलं. "आता दुसऱ्या वयोगटातले लोक हवेत," असं सांगायचं ठरलं होतं, ते तिने सांगितलं. तो दारातच बाही खाली करून बटण लावत म्हणाला, "माझा रगात पातळ झाला काय गो?" हसण्यावारी नेलं त्याने, पण त्या दिवशी चहा घ्यायला थांबला नाही. त्यानंतर ती गेटवरून जाताना तो उठून उभा राहायचा. पूर्वी कधी उठत नसे.

तो बारीक होत चालला होता. गणवेशाचा पट्टा आत आत जात होता. मानेवर कानाखाली गाठीसारखं काही दिसायचं, त्यावर त्याने मफलर गुंडाळायला सुरुवात केली. डिसेंबर होता, कोणाला त्यात विशेष वाटलं नाही. योगिताला वाटलं. ती रोज बघत होती आणि रोज सरांना विचारत होती. सर रोज म्हणत, "जानेवारीत बैठक आहे."

डिसेंबरातच एका बुधवारी डिचोलीच्या बाजारात तिला कृष्णनाथची बायको भेटली. गंगा बाजारात भाजी विकायची. लाल भाजी, मुळे, अळूची पानं तिच्या पुढ्यात मांडलेली असत. योगिताला तिने लांबूनच हाक मारली आणि भाजी पिशवीत घालता घालता बोलायला लागली.

"ह्यांका तूच काय तरी सांग गो. रोज ताप येता. अंगावरचे कपडे घामान भिजतत. भाकरी अर्धी टाकतत. डाक्टराकडे चला म्हटला, तर म्हणतत कित्याक? कंपनीत दर म्हयन्याक रगात बघतत. काय वायट आसला तर योगिता बाय माका सांगल्याशिवाय रवात काय?"

योगिताच्या हातातली पिशवी तशीच राहिली. मागे दोन बायका मुळ्यांचा भाव विचारत होत्या.

"वहिनी, त्यांना घेऊन जा. आजच."

"आज बाजार नाय?"

"मग उद्या. बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. थेट तिथेच."

गंगाने तिच्याकडे निरखून पाहिलं. "काय झाला गो?"

"ताप बरा नाही एवढे दिवस," योगिता म्हणाली. पैसे ठेवून ती निघाली.

गंगाने नवऱ्यापुढे विषय काढला असणार. पण त्याचा विश्वास दांडगा. चार-पाच वर्षं त्याने गावभर सांगितलं होतं की आपलं रक्त मोठमोठ्या यंत्रांत तपासलं जातं. गावातले दुखणेकरी त्याच्याकडे हेव्याने बघत. तो गेला नाही.

जानेवारीत समिती भरली. समितीने ठरवलं की कोणा एकाला वेगळं काढून कळवणं योग्य नव्हे, सर्व दात्यांना एक सर्वसाधारण पत्र द्यावं. यादीतून काढलेल्या कृष्णनाथला धरून चौदा जणांना इंग्रजीत चौदा सारखी पत्रं गेली. नियमित आरोग्य तपासणी करून घेणे हिताचे, असा मजकूर. कृष्णनाथने घडी करून ते खिशात ठेवलं. दुपारी योगिताने विचारलं तेव्हा म्हणाला, "सगळ्यांका दिला मा? तर कायतरी सर्क्युलर आसतला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्कूटर गेटच्या आत घेतली नाही. बाहेरच लावली, चौकीत गेली आणि बाकावर त्याच्याशेजारी बसली.

"काका, तुमच्या रक्तात दोष आहे. पांढऱ्या पेशी फार वाढल्यात. कॅन्सर असू शकतो. मला खात्री नाही, मी डॉक्टर नाही. पण तुम्ही आजच जायला हवं. म्हणून तुम्हाला यादीतून काढलं."

"कधीपासून म्हायत आसा?"

"ऑगस्टपासून."

बाहेर माल घेऊन आलेल्या टेम्पोने हॉर्न दिला. कृष्णनाथ उठला, गेट उघडलं, टेम्पोचा नंबर रजिस्टरात लिहिला, वेळ लिहिली, गेट लावलं. परत येऊन बसला. बोटांवर मोजल्यासारखं काहीतरी केलं त्याने. मग म्हणाला, "तू रडां नको. लोक बघतत."

त्याच दिवशी तो बांबोळीला गेला. योगिताने स्वतःच्या हाताने सगळे आकडे कागदावर लिहून दिले होते. निदान तिच्या शंकेप्रमाणेच निघालं, रक्ताचा कर्करोग. सावकाश वाढणारा प्रकार, गोळ्यांवर माणसं वर्षानुवर्षं जगतात, असं तिथल्या तरुण डॉक्टरणीने सांगितलं. त्या एका वाक्यावर योगिता पंधरा दिवस जगली. पण त्याच्या शरीरात रोगाशी लढायचं बळ आधीच उरलं नव्हतं. उपचार सुरू होतात न होतात तोच कमरेवर नागीण उठली. ती ओसरते तोवर न्यूमोनिया. आठ दिवस बरा, दहा दिवस वाईट असं करत फेब्रुवारी सरला.

योगिता रविवारी जायची. तो खाटेवर पडून जनेलाबाहेर बघत असायचा. दिसायला निम्मा उरला होता. एकदा त्याने विचारलं, "त्या पावडरीचा काय झाला? माझ्या रगतावर लावलेली ती."

"पास झाली," ती म्हणाली.

झाली होती. अहवाल गेल्याच आठवड्यात गेला होता. तेरा दाते, सर्व निरोगी, घटक सुरक्षित, प्रतिकारक पेशींना मध्यम चालना. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. खाली परेश सरांच्या सहीशेजारी योगिताची सही होती.

"बरा झाला," कृष्णनाथ म्हणाला.

शिगम्याचे ढोल वाजत होते त्या आठवड्यात तो गेला. त्याच्या वाड्यावरची माणसं अंगाला गुलाल तसाच घेऊन स्मशानात आली.

योगिताने डॉक्टरणीला गाठून विचारलं, ऑगस्टमध्ये आला असता तर वाचला असता का? डॉक्टरणीने बराच वेळ कागद चाळले. "सांगता येत नाही," ती म्हणाली. "लसी देता आल्या असत्या, तापावर लक्ष ठेवता आलं असतं. कदाचित. पण त्याच्यात हे होणारच होतं, असंही असू शकतं." योगिता म्हणते, त्या बाईने सरळ हो म्हटलं असतं तर मी काहीतरी केलं असतं, नाही म्हटलं असतं तर झोपले असते. आता काय करू?

बाराव्याला ती पिळगावला गेली. घरात माणसं होती, पण गंगा तिला मागच्या पडवीत घेऊन गेली आणि पाटावर बसवून चहा दिला. गंगाचा आवाज बसला होता.

"लोक कायबाय बोलतत," ती म्हणाली. "कंपनीन लपयला म्हणतत. मी त्यांका सांगतंय, तसा नाय. ह्यांनी माका हॉस्पिटलात सांगला. म्हणाले, योगिताक जानेवारीत कळला, कळला त्याच दिसा ती माका सांगूक आयली. तिका कोण बोलला तर ऐकून घेव नको, म्हणाले."

योगिताने कप खाली ठेवला. मागे माडाच्या मुळाशी भांडी घासायचा आवाज येत होता. गप्प राहणं अगदी सोपं होतं. मेलेल्या माणसाने तिच्यासाठी जागा करून ठेवली होती आणि गंगाला त्यात समाधान होतं. तिने ते का मोडलं, हे मी तिला पुढे विचारलं. इतके महिने दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून गप्प बसले, एवढंच म्हणाली.

"वहिनी, मला ऑगस्टात कळलं होतं."

गंगाला आधी ऐकूच आलं नसावं. "कितें?"

"ऑगस्टात. त्यांना मी खरं सांगितलं होतं. त्यांनी तुम्हाला खोटं सांगितलं."

"बाजारात भेटलंस तेन्ना?"

"तेव्हा माहीत होतं."

गंगा उठली. पदर तोंडाला लावला, मग काढला. "भाजी घेतलंस माझ्याकडसून," ती म्हणाली. "माझ्या तोंडाकडे बघून पैसे दिलंस." ती ओरडली नाही. तिने कप उचलला, त्यातला उरलेला चहा अंगणात ओतला आणि पुढच्या दाराकडे बोट न करता मागच्या पायवाटेकडे मान केली. योगिता त्या वाटेने बाहेर पडली. पुढल्या अंगणात चपला राहिल्या होत्या. त्या आणायला तिचा धीर झाला नाही. अनवाणीच स्कूटर चालवत ती कोरगावला आली.

तिने परेश सरांना लिहून दिलं, दात्याच्या रक्तात दोष दिसला तर आठ दिवसांत त्याला कळवावं असा नियम करा. सरांनी ते वर पाठवलं. वरून पोच आली, उत्तर आलं नाही. तिने रक्त काढायचं काम सोडायला मागितलं, ते मिळालं. आता ती कागदपत्रांच्या विभागात बसते, दुसऱ्यांनी लिहिलेले आकडे तपासते. नोकरी सोड असं देवेश म्हणाला होता. सोडून जायचं कुठे? पेडणे-डिचोलीत तिच्या शिक्षणाला दुसरं दार नाही, आणि घर दोघांच्या पगारावर चालतं.

बुधवारी ती बाजार टाळते. मध्यंतरी एकदा दुपारी उन्हातून येताना गाड्यांची गर्दी झाली म्हणून तिला बाजाराच्या तोंडाशी थांबावं लागलं. पाचेक हातांवर गंगा बसली होती. दोघींची नजरानजर झाली. गंगाने समोरच्या गिऱ्हाइकाला भाजी दिली, पाणी शिंपडलं, जुडी सारखी केली. मग गर्दी हलली आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.